अठ्ठावन्न नंबरचा बिंदू

भर मांडवात नवरदेवाला खुर्चीवरून उठवायची हिंमत मी आजवर एकाच माणसात पाहिली. तिरोड्याकडचं एक गाव, मे महिन्याचं ऊन, मांडव गच्च भरलेला. मंगलाष्टकं आटोपून नवरानवरी नुकतीच स्टेजवरच्या लाल खुर्च्यांवर टेकली होती. एवढ्यात आमचे झनकलाल तुरकर हातातल्या यंत्रावरची नजर न काढता सरळ चालत आले, पायात चपला तशाच ठेवून स्टेजवर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, "जरा उठता का जी? बिंदू तुमच्या खाली हाये."

नवरदेव उठला. बिचाऱ्याला त्या दिवशी सकाळपासून जो तो ऊठबस करायला लावत होता, त्यात आणखी एक. झनकलालजी खुर्ची बाजूला सरकवून बरोबर त्या जागी उभे राहिले आणि यंत्रातले आकडे स्थिर व्हायची वाट पाहू लागले. बँडवाले थांबले. मुलीचा बाप हात जोडत धावत आला. त्याला वाटलं, तारेवर आकडा टाकला म्हणून वीजवाले आले. "सायेब, दोनच बल्ब हायेत जी, दोनच!" झनकलालजींनी फारम काढलं, 'वस्ती' या रकान्यात खूण केली, शेऱ्यात लिहिलं, 'तात्पुरता मांडव. उद्या निघेल.' फारम खिशात घातल्यावरच त्यांनी जोडप्याला आशीर्वाद दिला. मी त्यांच्याबरोबरच होतो, पण खरं सांगायचं तर तोवर मी बुंदीच्या गंजापाशी पोचलो होतो.

आता हा बिंदू म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही आम्हा दोघांनाही वेडं समजाल. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी उपग्रहानं वरून काढलेलं जिल्ह्याचं एक चित्र होतं. दहाएक वर्षांनी दुसरं आलं. दोन्ही शेजारी ठेवायची आणि सांगायचं, की जंगल किती गेलं, धानाचं शिवार किती उरलं, पाणी किती, घरं किती वाढली. हे सगळं कॉम्प्युटर रंग भरून सांगतो. पण तो खरं सांगतो की थापा मारतो, हे कसं कळणार? गोंदियात धान घेणारा व्यापारी काय करतो? पोत्यात परखी खुपसतो, मूठभर दाणे बाहेर काढतो आणि त्यावरून पोत्याचा भाव ठरवतो. तसंच हे. कॉम्प्युटरनं डोळे मिटून जिल्ह्यावर बिंदू टाकायचे आणि आम्ही जीपीएसचं यंत्र घेऊन प्रत्येक बिंदूवर जाऊन पाहायचं, की तिथं खरोखर आहे काय.

डोळे मिटून म्हणजे अगदी मिटूनच. कुठं काटेरी झुडूप आहे, कुठं कोणाची न्हाणी आहे, त्याला काय ठाऊक?

आमच्या कार्यालयातल्या इतरांनी यावर सोपा उपाय काढला होता. तिरोड्याच्या बसस्टँडजवळ एक टपरी होती. तिथं बसून आम्ही तिघं-चौघं भजी खात खात अख्ख्या तालुक्याचं जंगल तपासून मोकळे होत असू. पद्धत सरळ. कॉम्प्युटर जंगल म्हणतो? जंगल. धान म्हणतो? धान. कशाला उगाच विरोध करायचा? त्यामुळे आमच्या बिंदूंवर उपग्रह कधीच चुकायचा नाही. झनकलालजींच्या बिंदूंवर मात्र तो दर आठवड्याला चुकायचा. शेवटी साहेबांनी आम्हाला शाबासकीचं पत्र दिलं आणि झनकलालजींना नोटीस दिली, की 'आपल्याच बिंदूंवर उपग्रह वारंवार का चुकतो, याचा खुलासा करावा.'

खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली. 'मी तिथे जातो म्हणून.'

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पाणी मागवलं.

साहेब तसे वाईट नव्हते हो. त्यांना फक्त वरून फोन यायचे. जंगल कमी झालेलं कोणालाच नको होतं. एकदा ते झनकलालजींना खुर्ची देऊन गोडीत म्हणाले, "तुरकर, बिंदू जरासा सरकवता येत नाही का? दहा मीटरवर एखादं झाड तर असेलच ना?"

"हाये ना सायेब. झाडाकडं सरकवला तर जंगल वाढते, घराकडं सरकवला तर गाव वाढते. मंग कॉम्प्युटरले कायले त्रास? तुमीच बसून टाका ना बिंदू."

"अहो, एका बिंदूनं काय होतं?"

"एका बिंदूमागं शेकडो हेक्टर उभं हाये सायेब. एक बिंदू हलला का अख्खं शिवार हलते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहाच्या आधी, चहाच्या नंतर, कधी कधी तर चहाच्या ऐवजीसुद्धा.

आणि माणूस बोलायचा तसाच वागायचा, हीच तर आमची पंचाईत. केशोरीकडं एक बिंदू तलावाच्या मधोमध पडला. चित्रात ठळक निळा रंग, आंधळ्यालाही कळावं की पाणी आहे. मी काठावरूनच म्हटलं, "झनकलालजी, लिहा पाणी आणि चला." तोवर त्यांचा सदरा उतरलेला. यंत्र डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यात निघाले. पलीकडून जाळं ओढणारा एक ढिवर डोंगा वल्हवत जवळ आला.

"काय हरपलं का जी सायेब?"

"नाही जी. इथं पाणी हाये का, ते पाहून राहिलो."

ढिवरानं सगळ्या तलावावरून एकदा नजर फिरवली. "मंग? हाये का?"

"हाये," म्हणाले झनकलालजी आणि तिथंच उभ्या उभ्या फारम भरलं.

एकदा मात्र त्यांनी सगळ्यांची लाज राखली. मधल्या एका वर्षी आणखी एक चित्र आलं, त्यात जिल्ह्यातलं निम्मंअधिक शिवार पडीत दिसलं. साहेबांनी हादरून तसा अहवाल पाठवला. तिकडून विचारणा आली, की जिल्ह्यावर असं कोणतं संकट कोसळलं? कार्यालयात पळापळ. कोणी दुष्काळ म्हणे, कोणी कीड. झनकलालजींनी चित्राची तारीख पाहिली आणि म्हणाले, "सायेब, धान कापला हाये. कापल्यावर बांधीत काय दिसल?" खेड्यात जन्म काढलेली आम्ही दहा माणसं, पण कॉम्प्युटरसमोर बसल्यावर एकालाही आठवू नये की धान कापतात!

तर असा हा माणूस. गोंदियात भाड्याच्या एका खोलीत एकटाच राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन राजनांदगावकडे. खोलीत एक बाज, एक स्टोव्ह आणि भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. सुटीच्या दिवशी कुठं जात नाही, कोणी येत नाही. मी एकदा विचारलं, "सणावाराला गावी नाही जात?" गाव तर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, गोंदियाहून मोटरसायकलवर असं कितीसं? "जायचं कायले?" एवढंच म्हणाले आणि नकाशावर नसलेली धूळ पुसू लागले.

कारण मला नंतर त्यांच्याच गावच्या एकानं सांगितलं. झनकलालजींचा थोरला भाऊ रूपलाल. बाप लवकर गेला. रूपलालनं शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं, तेही पार मोजणीच्या शिक्षणापर्यंत. पुढं वाटणी झाली. दोघांच्या धानाच्या बांधींमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठून जातो, ते मोजायची वेळ आली. घरातच मोजणारा असताना बाहेरचा कशाला बोलवायचा, असं रूपलालच म्हणाला, मोठ्या अभिमानानं. धाकट्यानं मोजलं. निघालं असं, की थोरल्यानं धुरा दीड हात धाकट्याच्या बाजूला सरकवून घेतलेला. पाच माणसं उभी. झनकलालजी म्हणाले, "जमीन मले नको, भाऊ. तूच ठेव. पण कागदावर माप खरं लिहा."

अरे, काय गरज होती? जमीन नको तर माप कशाला हवं? पण नाही. रूपलालजी पाच माणसांपुढं चोर ठरले. "ज्यानं तुले मोजाले शिकवलं, त्यालेच मोजून राहिला?" म्हणाले. "माह्या आंगनात पाय ठेवू नको." झनकलालजींनी तेही अगदी अक्षरशः पाळलं. आठ-नऊ वर्षं त्या अंगणात पाय नाही. आणि आता त्या उन्हाळ्यात बातमी आली होती, की रूपलालजींना लकवा मारला, उजवा हात गेला. आमच्या कार्यालयात गावाकडचं कोणीही आलं, की झनकलालजी त्याला विचारत, "पाणी कसं हाये तिकडं? धानाचे रोवणे लागले का?" आणि मग फाईल चाळत, फाईलमध्येच तोंड घालून, "रूपलाल तुरकरचा हात कसा हाये?"

मी म्हणायचो, "अहो, जाऊन या ना एकदा!" तर म्हणत, "त्यानं मना केलं हाये." अन् वर, "काही कामबिम असतं तर गोष्ट वेगळी."

पावसाळ्यात तिरोडा तालुक्याच्या बिंदूंची नवी यादी नागपूरहून आली. सगळा हिशोब तिथल्या मॅडमकडे असायचा. झनकलालजी यादी घेऊन दिवसभर नकाशापुढं बसले आणि संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बोरकरजी, लोचा झाला. अठ्ठावन्न नंबर आमच्या भाऊच्या आंगनात पडून राहिला."

ऑफिसात आनंदीआनंद! इतकी वर्षं ज्या माणसानं आमचं जगणं मुश्कील केलं, तो आता पेचात सापडला होता. पैजा लागल्या. साहेब तर दयेनं भरून आले. "तुरकर, जाता येत नसेल तिथं राखीव बिंदू घ्यायची सोय असते. बदलून टाका."

"बदलता येत नाही सायेब," झनकलालजी म्हणाले. "जाता येते. आंगनच तर हाये." आणि साहेबांनी सुटकेची वाट दाखवली असताना माणूस इतक्या घाईघाईनं नाही का म्हणाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर आम्ही निघालो. एरवी मागं बसून सगळ्या रस्त्याची झाडं मोजणारा माणूस, त्या दिवशी नुसती खिशातली यादी चाचपत होता. नवा सदरा घातला होता. भाऊच्या फाटकाशी पोचल्यावर ते बाहेरच थांबले. अंगणात बाजेवर रूपलालजी बसलेले, दाढी वाढलेली, उजवा हात मांडीवर पडलेला. दारात भौजी. पदर सावरत पाहत राहिल्या.

झनकलालजींनी यंत्र उंच धरलं आणि कचेरीत हाक मारावी तशी मारली. "सरकारी काम हाये! आंगनात बिंदू हाये. आत यायची परवानगी पायजे."

रूपलालजींनी आमच्याकडं पाहिलंच नाही. बायकोला म्हणाले, "इचार त्याले, किती वेळ लागल."

"दोन मिनिटं," झनकलालजींनी भौजींना सांगितलं.

"ये म्हणा मंग. सरकारी कामाले कोण अडवल?"

झनकलालजी फाटकातून आत आले. यंत्राकडं बघत दोन पावलं डावीकडं, तीन पुढं, एक मागं. असं करत करत थांबले ते थेट बाजेला टेकून. इतके जवळ, की भावाचा गुडघा त्यांच्या धोतराला लागत होता. उभे राहून त्यांनी फारम भरायला घेतलं. पेन चालेना. पावसाची हवा, म्हणाले. पण पेनाचं टोपणच काढलेलं नव्हतं, ते मला दिसत होतं.

"काय लिवलं, इचार त्याले," रूपलालजी.

"वस्ती. घर अन् आंगन."

"आंगनात पेरूचं झाड हाये. ते लिवलं का इचार."

"झाडाले येगळा रकाना नाही, सांगा त्याले."

एवढं ऐकलं आणि रूपलालजी उसळले. बायकोला विसरले, मला विसरले. "रकाना नाही म्हंजे? झाड दिसून राहिलं ना तुले? तुह्या हातानं लावलं होतं ना बे? मंग काऊन नाही लिवत?"

आठ-नऊ वर्षांनी थोरला भाऊ धाकट्याशी थेट बोलला तो असा. घरात ही मंडळी आपल्या पोवारी बोलीत बोलत, पण पाहुण्यासमोर भांडायचं म्हणून सगळं मराठीत चाललं होतं. मग जे सुरू झालं ते विचारू नका. धुरा निघाला, दीड हात निघाला, पाच माणसं नावानिशी निघाली. "चोर ठरवलं मले!" "मी जमीन सोडली होती!" "जमीन गेली चुलीत, माही इज्जत कोण भरून देल?" यावर झनकलालजींनी हातातल्या फारमाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. मी पहिल्यांदाच त्यांना वादात हरलेलं पाहिलं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

भौजींनी चहा आणला. रूपलालजींनी डाव्या हातानं कप धरला, तो कलंडू लागला. झनकलालजींनी फारम काखेत खुपसलं, कप धरला, बशीत ओतला आणि बशी भावाच्या ओठाला लावली. रूपलालजी प्यायले. प्यायल्यावर म्हणाले, "साखर कमी हाये," आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. भौजी आत निघून गेल्या. दोन मिनिटांचं काम दुपारी जेवूनच संपलं.

चार दिवसांनी त्या यादीचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझ्याकडं आलं. अठ्ठावन्न नंबर टाकला आणि मी पडद्यावर पाहत राहिलो. लाल ठिपका अंगणात नव्हताच. तो अंगणापासून दीडशे पावलांवर, कोणा दुसऱ्याच्याच बांधीत पडला होता. हिरव्यागार धानाच्या मधोमध. दोनदा तपासलं. नागपूरची मूळ यादी काढली. तेच.

यंत्र चुकलं म्हणावं, तर झनकलालजींच्या हातात ते पाच पावलांच्या पलीकडं कधी चुकलेलं नाही. बाप्पा! म्हणजे या माणसानं बिंदू सरकवला होता. ज्यानं साहेबांसाठी कधी वीतभर सरकवला नाही, ज्याच्यासाठी नवरदेव उभा राहिला, त्यानं भावाच्या अंगणात शिरायला दीडशे पावलं सरकवला, आणि शेकडो हेक्टर धानावर घरं बांधून टाकली!

आधी मी एकटाच पोट धरून हसलो. मग हसू आटलं. नागपूरच्या मॅडम एकेक बिंदू पडताळून पाहायच्या. त्यांनी हे पकडलं असतं, की आजवरचे झनकलालजींचे सगळे खरे बिंदूही खोटे ठरले असते, आणि नोटीस द्यायला साहेब तर टपलेलेच. झनकलालजींच्या सेवानिवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. आणि त्यांना विचारणार तरी काय? विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, कबुली लिहून दिली असती, कदाचित तीन प्रतींत.

मी ते फारम घडी घालून खिशात ठेवलं. रविवारी यंत्र घेतलं आणि बायकोला काही न सांगता एकटाच निघालो. नोकरीतली माझी वीस वर्षं, पण यादीतल्या बिंदूवर स्वतःच्या पायानं जायची ही पहिलीच खेप. गाडी रस्त्यावर लावली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. धुऱ्याधुऱ्यानं जावं तर धुरा संपला आणि यंत्र सांगतंय, आणखी वीस पावलं. चिखलात उतरलो. एक चप्पल तिथंच राहिली, अजूनही तिथंच असेल. शेवटी आकडे जुळले. भोवती नुकताच रोवलेला धान, पोटरीएवढं पाणी, एक बगळा. मी कोऱ्या फारमवर 'धान' लिहिलं, तारीख जुनीच टाकली आणि खाली झटून झटून झनकलाल तुरकरांची सही केली. आयुष्यातलं माझं पहिलं खरं फारम, आणि सही खोटी.

मान वर केली तर समोर त्यांचंच अंगण. फाटक उघडं होतं. रूपलालजी बाजेवर बसलेले, गळ्याभोवती पंचा, डाव्या हातात आरसा. झनकलालजी त्यांच्यापुढं उकिडवे बसून वस्तऱ्यानं दाढी करत होते. एक फराटा ओढायचा, थांबायचं, मान वाकडी करून दोन्ही गालांचं माप बघायचं, मग पुढचा. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. उगाच डोळे भरून आले, चिखलात उभ्या उभ्या.

लकव्यानं रूपलालजींचा हात नेला होता, आवाज नाही. तो बांधींवरून खणखणीत माझ्यापर्यंत आला.

"सावकाश ना बे! गाल हाये तो, धुरा नाही!"